शनिवारची क्रेट: उन्हाळी भाज्यांतलं आधी काय शिजवायचं, मग काय

आम्ही सतरा घरं आहोत. मुळशीच्या वाटेवर वीस गुंठे जागा एका शेतकरीदादांकडून वर्षाच्या बोलीवर घेतलीय, रोजचं पाणी-बिणी ते आणि वहिनी बघतात, आम्ही आळीपाळीने जाऊन खुरपणी, तोडणी करतो आणि शनिवारी सकाळी प्रत्येक घरी एक क्रेट येते. भाजी निवडायची सोय नाही, त्या आठवड्यात वेलाला, झाडाला जे आलं ते सतरा ठिकाणी वाटलं जातं. थंडीत हे फार सोपं असतं, मेथी, फ्लॉवर, मटार, गाजर आलं की कुणाचीच तक्रार नसते. पण एप्रिल-मेमधे क्रेट उघडली की दोडका, दुधी, गवार, कारलं, पडवळ, माठाची जुडी, मूठभर घोळ आणि कैऱ्या, आणि मग ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ह्याचं करायचं काय?

तर हा लेख त्या प्रश्नासाठी. पहिल्या उन्हाळ्यात मी आलेली क्रेट तशीच्या तशी पिशव्यांसकट फ्रीजमधे कोंबली होती, बुधवारी बघते तर माठाचा लगदा झालेला, भेंडीवर काळे डाग आणि काकडी पिचपिचीत. वहिनींनी उन्हात उभं राहून तोडलेली भाजी कचऱ्यात टाकताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे, जे आधी सुकणार ते आधी शिजणार. आज काय खावंसं वाटतंय हा विचार त्यानंतर. एवढं पाळलं तर सहा-सात किलोच्या क्रेटमधलं चार माणसांच्या घरात काहीही वाया जात नाही, हे मी आता तीन उन्हाळे करून सांगतेय.

पहिला पाऊण तास

क्रेट आली की ती ओट्यावर ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं नाही, हा पाऊण तास राखून ठेवा. जमिनीवर जुनी चादर पसरा, सगळं ओता आणि तीन ढीग करा. पहिल्यात पालेभाज्या, कोथिंबीर आणि कोवळी काकडी, म्हणजे आज-उद्याचा माल. दुसऱ्यात भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, वांगी, हा चार दिवसांपर्यंतचा. तिसऱ्यात दुधी, दोडका, पडवळ, कारली, लाल भोपळा, कैऱ्या आणि कांदे, हे थांबू शकतात, त्यातही कांदे आणि भोपळा तर महिनोन्‌महिने.

पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. धुतली आणि ओली राहिली की सडायला लागते. मातीची मुळं कापून टाका, पिवळी पानं काढा, जुडीचा दोरा सोडा आणि सुती कापडात, जुन्या पंचात किंवा मऊ झालेल्या ओढणीत सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमधे ठेवा. कोथिंबिरीच्या मुळाशी पाणी लागेल अशी ती पेल्यात उभी करायची आणि वरून पिशवी घालायची. टोमॅटो आणि पिकायला लागलेली फळं पालेभाजीशेजारी ठेवू नका, फळं पिकताना जो वायू सोडतात त्याने पाला लवकर पिवळा पडतो.

आता भेंडी, काकडी, वांगी, दुधी, दोडका ह्या सगळ्या उष्ण हवेतल्या भाज्या, त्यांना फ्रीजचा कडक गारठा मानवत नाही. भेंडीवर डाग येतात, काकडी पाणी सोडते. म्हणून आमच्याकडे अजून एक व्यवस्था आहे जी मला सासूबाईंनी शिकवली, त्या नागपूरकडच्या, तिथे उन्हाळा म्हणजे काय ते त्यांना माहिती. एका पसरट परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात एक पाट किंवा उलटं भांडं ठेवायचं, त्यावर बांबूची टोपली, टोपलीत भाज्या आणि वरून ओलं गोणपाट असं टाकायचं की त्याची टोकं परातीतल्या पाण्यात बुडतील. गोणपाट पाणी ओढत राहतं, पाण्याची वाफ होताना आतली हवा गार होते, अगदी माठासारखं. खिडकीजवळ वारा लागेल पण ऊन येणार नाही असं ठेवा. दुधी, दोडका, काकडी तीन-चार दिवस टवटवीत राहतात आणि लाईट गेली तरी फरक पडत नाही. फक्त हे पुण्या-नागपुराच्या कोरड्या हवेतच चालतं. मुंबईत, कोकणात हवेतच इतका दमटपणा की वाफ होत नाही आणि भाजीला बुरशी येते, तिथल्यांनी कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या सगळ्यात कमी गार कोपऱ्यातच ठेवावं.

शनिवार-रविवार, पाला

उन्हाळ्यात पालक-मेथी फुलावर येऊन कडवट होतात पण माठ, तांदुळजा, राजगिरा ह्यांना ऊन आवडतं. आणि घोळ तर कोणी पेरतच नाही, ती पाटाच्या कडेने आपली आपण पसरते, जाडसर लालसर देठ आणि गुबगुबीत छोटी पानं. आधी आम्ही ती तण म्हणून उपटून बांधावर टाकत होतो, वहिनींनीच सांगितलं की अगं ही तर भाजी.

घोळीची भाजी अशी करा. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवा. घोळीचं मूळ आणि जाड लाकडी देठ काढून बाकी कोवळ्या देठांसकट चिरा, पण चिरायच्या आधी तीन-चार पाण्यातून धुवा कारण जमिनीला लागून वाढते त्यामुळे रेती खूप असते. पातेल्यात भाजी पाण्यात बुडवून हलवायची आणि वरून उचलून घ्यायची, पाणी ओतलं तर रेती परत भाजीत येते. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, सात-आठ लसणीच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाली की डाळ टाकून परता, अर्धी वाटी पाणी घालून डाळ बोटाने दाबली तर तुटेल इतकी शिजवा, मग घोळ घाला. पाच-सहा मिनिटांत होते. मीठ अगदी शेवटी आणि नेहमीपेक्षा कमी, घोळ मुळातच आंबट-खारट असते. ज्वारीच्या भाकरीबरोबर फार सुंदर लागते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र घोळ बेतानेच खावी, तिच्यात ऑक्झॅलेट बरंच असतं.

माठाचं मला एकच सांगायचंय, देठ टाकू नका. पानं एका दिवशी करायची आणि देठ दुसऱ्या दिवशी, कारण पानं पाच मिनिटांत शिजतात आणि देठांना पंधरा लागतात, एकत्र टाकलं की दोन्हीपैकी एक बिघडतं. पानांना कांदा, लसूण, हिरवी मिरची बास, पाणी घालायचं नाही, धुतल्यावर पानाला जे लागलेलं असतं तेवढ्यातच शिजतात. मीठ इथेही शेवटी, कारण कढईभर दिसणारी भाजी आळून वाटीभर होते आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ जास्त होतं. देठांच्या वरच्या शिरा शेंगेसारख्या सोलून बोटभर तुकडे करा आणि तुरीच्या आमटीत शेवग्याच्या शेंगांसारखे सोडा, चिंच-गूळ, गोडा मसाला, वर ओलं खोबरं. शेवगाही ह्याच दिवसांत येतो, तो असला तर दोन्ही एकत्र घाला. मुलं देठ चोखून खातात.

काकडी कोवळी असताना पहिल्या दोन दिवसांत खमंग काकडी करून टाका. दोन काकड्या कोचून हलक्या हाताने पिळा, पिळलेलं पाणी ताकात घाला, फेकू नका. काकडीत चार चमचे शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर, वरून तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. मीठ पानं मांडल्यावर घालायचं नाहीतर परत पाणी सुटतं. जून, पिवळट झालेली मोठी काकडी आली तर बिया काढून किसा आणि तांदळाच्या पिठात घालून घावन करा, मिरची-जिरं वाटून, कोकणात तवशाचं असं बरंच काही करतात, गूळ घालून गोडही.

सोमवार ते बुधवार, भेंडी आणि गवार

भेंडी घेतल्यावर तिचं टोक वाकवून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. उन्हाळ्यात ती वेगाने वाढते, तोडणीला दोन दिवस उशीर झाला तर झाडावरच चरबट होते, म्हणून प्रत्येक क्रेटमधे पाच-सहा जून निघतातच. त्या भाजीत घालून सगळी भाजी बिघडवू नका. आमच्याकडे त्या परत जातात, पार वाळल्या असल्या तर बी धरतो नाहीतर खताच्या खड्ड्यात.

चिकटपणाची तक्रार सगळ्यांची असते. अख्खी भेंडी धुवा, कापडावर अर्धा तास पसरा, प्रत्येक पुसा, आणि मगच चिरा. सुरीसुद्धा कोरडी पाहिजे. पसरट कढईत तीन चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद, मिरची, त्यात पाव किलो भेंडी टाकून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं आणि मग दोन-तीन आमसुलं. आंबटाने चिकटपणा तुटतो, आमसूल नसेल तर लिंबू पिळा किंवा दोन चमचे आंबट ताक. झाकण ठेवायचं नाही, वाफ आत कोंडली की परत बुळबुळीत. मध्यम आचेवर अजून दहा मिनिटं, आणि मीठ, कूट, खोबरं उतरवताना. लोखंडी कढईत केली तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, आंबटामुळे काळी पडते.

गवार. हिच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण आमच्या ग्रुपमधे सगळ्यात जास्त परत जाणारी भाजी हीच होती. देशी गवार बारीक, थोडी लवदार आणि चवीला कडवटपणाकडे झुकणारी असते, बाजारातल्या लांब गुळगुळीत गवारीची सवय असलेल्यांना ती पटकन आवडत नाही. पण नीट शिजवली तर तिच्यासारखी खमंग भाजी नाही. दोन्ही टोकं मोडताना शीर निघते का बघा आणि हातानेच इंचभर तुकडे करा, विळीची गरज नाही. जी शेंग हाताने मोडत नाही ती जून, ती बाजूला. टीव्ही बघत बघत घरातल्या सगळ्यांनी मिळून मोडायची ही भाजी आहे, एकट्या माणसावर टाकली की मग ती फ्रीजमधेच राहते.

पाव किलो गवारीला दोन-अडीच चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद आणि अर्धा चमचा ओवा. ओवा चुकवू नका, गवार वातूळ म्हणून जुन्या बायका घालतातच आणि वासही छान येतो. गवार टाकून तीन मिनिटं परता, रंग गडद हिरवा झाला की वाटीभर गरम पाणी घाला, गार नको, आणि वर ताटली ठेवून ताटलीत पाणी. ह्या ताटलीतल्या पाण्याचा उपयोग दोन, वाफ आतल्या आत पडते म्हणून भाजी करपत नाही, आणि कमी पडलं तर तेच गरम पाणी आत ओतायला तयार असतं. बारा ते पंधरा मिनिटांनी एक तुकडा दाबून बघा. पूर्ण मऊ झाला असेल तरच पुढचं म्हणजे मीठ, तिखट, दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, तीन चमचे दाण्याचं कूट. गूळ आधी घातला की गवार दडदडीत राहते, मग कितीही शिजवा. माझी पहिल्या वर्षीची गवार ह्याच एका कारणाने बिघडत होती आणि मी दोष गवारीला देत होते.

लाल भोपळा असेल तर त्याच्या मोठ्या फोडी गवार पाऊण शिजल्यावर घाला, भोपळ्याचा गोडवा आणि गवारीचा कडवटपणा एकमेकांना धरून असतात, मग गूळही अगदी थोडा लागतो.

वांगी मेमधे बियाळ आणि किंचित कडवट यायला लागतात, त्यांची भरली वांगी करण्यापेक्षा भाजून दह्यातलं भरीत करा. एवढंच.

बुधवारनंतर वेलभाज्या, आणि चिरायच्या आधी एक काम

हे नीट वाचा. दोडका, दुधी, काकडी, पडवळ, ह्यातलं काहीही चिरलं की दोन्ही टोकांकडचा एक-एक छोटा तुकडा कच्चा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा, तोंड धुवायचं आणि ते अख्खं फळ टाकून द्यायचं. वेलाला पाण्याचा ताण पडला, उष्णता फार झाली की ह्या भाज्यांमधे कुकरबिटॅसिन नावाचं कडू द्रव्य वाढू शकतं, ते विषारी आहे आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडलेत, जीवही गेलेत, आणि इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने नेमलेल्या तज्ज्ञांनीही कडू दुधीचा रस अजिबात घेऊ नये असंच सांगितलंय. साखर-मीठ घालून चव झाकायची नाही, जाऊ दे थोडंसंच कडू आहे असं म्हणायचं नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभाव आहे. पण दुधी कडू लागणं हा इशारा आहे. आमच्याकडे असं फळ निघालं की ग्रुपवर लगेच सांगतो म्हणजे त्याच वेलाचं दुसऱ्याकडे गेलेलं असेल तर ते बघतील.

आता दोडका. शिरा वेगळ्या काढून ठेवा, मग फोडी करा. दोडका शिजताना एवढं पाणी सोडतो की चार माणसांना म्हणून घेतलेला अर्धा किलो दोडका दोन माणसांपुरता होतो, म्हणून त्यात अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ घालतात, डाळ ते पाणी पिते आणि भाजी पुरवठ्याला येते. वरून पाणी नाही, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, शेवटी मीठ, ओलं खोबरं, कोथिंबीर.

शिरांची चटणी ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आमच्या जागेवर फवारणी नाही म्हणून सालं-शिरा निःशंक खाता येतात, बाजारचा दोडका असेल तर खूप चोळून धुवा. वाटीभर शिरा बारीक चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, अगदी कुरकुरीत होईपर्यंत परता, घाई केली तर वरून काळ्या आणि आतून ओल्या राहतात. त्याच कढईत दोन चमचे तीळ आणि तीन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस वेगवेगळे भाजा. सगळं गार झालं की चार लसणीच्या पाकळ्या, तिखट, मीठ, चिमूटभर साखर घालून खलबत्त्यात किंवा हाताने चुरडा. मिक्सरला लावलं तर तेल सुटून गोळा होतो. बरणीत आठ दिवस सहज टिकते, पण आमच्याकडे टिकू देत नाहीत. दुधीच्या सालीचीही हीच पद्धत.

दुधी सलग तीन आठवडे आला तर सगळे कंटाळतात हे खरंय. तेव्हा थालीपीठ. दोन वाट्या किसलेला दुधी, पिळायचा नाही, त्यात बारीक चिरलेला कांदा, मिरची, तीळ, ओवा, हळद, मीठ, आणि मावेल तेवढी भाजणी, साधारण दोन वाट्या. पाणी अजिबात नाही, दुधीच्याच पाण्यात भिजतं. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तव्यावर टाकून कडेने आणि भोकात तेल, झाकण. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ आणि पाव वाटी बेसन चालतं. ह्या रूपात दुधी कोणाला ओळखूच येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दोन तास भिजवलेली चणाडाळ घालून गोड्या मसाल्याची रसभाजी.

पडवळाच्या सालीवरचा पांढरा थर सुरीने खरवडा, उभा चिरून आतला गर आणि बिया काढा, अर्धगोल काप करा आणि डाळिंब्या किंवा चणाडाळ घालून नेहमीसारखी भाजी. ढेमसं आलं तर ते कोवळं असतानाच करा, सालासकट, विदर्भात त्याची कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची तिखट भाजी करतात आणि आमच्या घरी त्या दिवशी सासूबाई दोन घास जास्त जेवतात.

कारलं चार-पाच दिवस सहज थांबतं म्हणून ते आठवड्याच्या शेवटी. पातळ चकत्या, चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं, घट्ट पिळा, आणि पुरेशा तेलात मंद आचेवर वीस मिनिटं परतून काचऱ्या करा. शेवटी कूट, तिखट, किंचित साखर. वरणभाताबरोबर. मीठ लावलेलं असतं हे विसरून परत घालू नका.

कैऱ्या

कैऱ्या बांधावरच्या दोन झाडांच्या, आणि त्यासाठी वेगळा दिवस नाही, रोजच काहीतरी. चैत्रात हळदीकुंकू असेल तर आंबेडाळ आणि पन्हं होतंच. आंबेडाळीला वाटीभर चणाडाळ चार-पाच तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता मिरच्यांबरोबर भरड वाटा, अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ, साखर, वर हिंग जास्त घातलेली आणि गार केलेली सुक्या मिरचीची फोडणी. गरम फोडणी ओतली तर डाळीची कच्ची गोडी जाते. वाटलेली डाळ ह्या हवेत तासा-दोन तासात आंबते, म्हणून वाटण आयत्या वेळेला.

पन्ह्याला कैऱ्या कुकरमधे उकडून गर काढा, वाटीभर गराला दीड ते दोन वाट्या गूळ, कैरी किती आंबट त्यावर, वेलदोडा आणि मीठ. हा गोळा फ्रीजमधे ठेवायचा आणि लागेल तसा गार पाण्यात कालवायचा.

पण क्रेटमधल्या कैरीचं सोनं व्हायचं असेल तर मेथांबा. दोन वाट्या सोललेल्या फोडी, दोन चमचे तेलात मोहरी, चमचाभर मेथ्या, हिंग, हळद. मेथ्या बदामी झाल्या की लगेच कैरी टाका, काळ्या झाल्या तर सगळा मेथांबा कडू. अर्धी वाटी पाणी, झाकण, पाच-सहा मिनिटांनी फोडी मऊ झाल्या की वाटीभर चिरलेला गूळ, तिखट, मीठ, अजून चार मिनिटं उकळी. गार झाल्यावर घट्ट होतो म्हणून कढईत थोडा पातळ असतानाच उतरवा. फ्रीजमधे पंधरा दिवस राहतो, आणि ज्या दिवशी ताटात दोडका बघून कोणाचं तोंड वाकडं होतं त्या दिवशी एक चमचा मेथांबा सगळं जेवण पुढे नेतो.

उरलं तर उन्हाला द्या

मेमधे ऊन एवढं असतं की ते वापरलं नाही तर नुकसान आपलंच. गवार जास्त झाली तर कोवळ्या शेंगा मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर बुडवा, सकाळी निथळून सुती कापडावर गच्चीत पसरा, संध्याकाळी आत आणा, राहिलेल्या ताकात परत बुडवा, ताक संपेपर्यंत असं करा आणि मग तीन-चार दिवस कडकडीत वाळवा. आषाढात भाजी महाग होते तेव्हा खिचडीबरोबर तळून घ्यायला. कारल्याच्या चकत्या मीठ-हळद लावून नुसत्याच वाळतात. वाळलंय की नाही ते मोडून बघा, कट् आवाज आला पाहिजे, लवचिक राहिलं तर बरणीत बुरशी येते. गच्ची नसेल तर खिडकीच्या ग्रिलवर चाळणीत, वरून मलमलचा तुकडा, वेळ दीडपट लागतो पण होतं.

उन्हाळी कांदा एप्रिलपर्यंत निघतो आणि तो टिकाऊ असतो, नीट सुकवलेला असेल तर पावसाळाभर पुरतो. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बटाट्यांबरोबर ठेवू नका, जाळीच्या पिशवीत टांगा, आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ झालेला काढा, एक सडका दहा सडवतो.

शुक्रवार

शुक्रवारी संध्याकाळी टोपलीत काय असतं, अर्धा पडवळ, दोन भेंड्या, भोपळ्याची फोड, मूठभर गवार, एक शेंग. ह्या सगळ्याची मिळून एक पातळ भाजी. क्रम फक्त शिजायच्या वेळेचा, आधी गवार, पाच मिनिटांनी शेवगा आणि पडवळ, मग भोपळा, आणि भेंडी वेगळी परतून शेवटी. अर्धी वाटी शिजवलेली तूरडाळ घोटून घाला, दोन आमसुलं, गूळ, ओलं खोबरं-जिरं-मिरचीचं वाटण, एक उकळी. दर शुक्रवारी चव वेगळी लागते आणि भात जास्त लावावा लागतो.

मग क्रेट धुऊन गॅलरीत उलटी टाकायची, गोणपाट वाळवून तिच्यात घडी करून ठेवायचं, आठवड्याभराची देठं-सालं साठवलेला डबा त्यावर, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत काय जास्त झालं, काय कमी पडलं, काय जून आलं ते लिहायचं, कारण पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी भाज्यांची पेरणी ठरवताना दादा त्या सतरा चिठ्ठ्यांची चळत काढून बसतात. ह्या वर्षी दुधीचे वेल सहावरून चारवर आले ते त्याच चिठ्ठ्यांमुळे, आणि घोळीसाठी पाटाची एक कड मुद्दाम मोकळी सोडली.